दोनदा दिलेला पलंग

मसुदा पहिला. सोमवार.

कलम १. सध्याच्या पद्धतीत संस्थेच्या सहाही केंद्रांचे काउंटर मुख्य कार्यालयातील एकाच सर्व्हरला विचारून काम करतात. उत्तर येण्यास सरासरी चार सेकंद लागतात. सोमवारी अकराच्या गर्दीत एकोणीस.

(समासात, शिसपेन्सिलीने: एकोणीस नाही. अठरा पूर्णांक सहा. उगाच फुगवू नये.)

समासातलं अक्षर माझ्या वडिलांचं. सर्व्हरही त्यांचाच म्हणायचा. कागदोपत्री तो संस्थेचा आहे, पण बावीस वर्षं त्याची धूळ पुसणारा, त्याला पंखा लावून देणारा आणि कुणी त्याच्यावर चहाचा कप ठेवला तर तीन दिवस त्या माणसाशी न बोलणारा माणूस एकच.

संस्था आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू वापरायला देते. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, डोकं आणि गुडघे वर करता येणारे पलंग. घरात कुणी घसरलं, कुणी ऑपरेशन करून आलं की लोक जवळच्या केंद्रात येतात, वस्तू नेतात, बरं वाटलं की परत आणून देतात. साडेतीन हजार वस्तूंपैकी कोणती कुणाकडे आहे हे बाबांच्या सर्व्हरला माहीत असतं. फक्त त्यालाच. घोडं अडलंय ते इथेच.

कारण मी ज्या कंपनीत आहे तिनं संस्थेसाठी नवा प्रोग्राम केला आहे, आणि त्यात कुणालाच विचारायला जावं लागत नाही. डेटाबेस प्रोग्रामच्या पोटातच बसवलेला. प्रत्येक काउंटरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण यादीची आपापली प्रत. विचारलं की तिथल्या तिथे उत्तर. दर दहा मिनिटांनी सहा प्रती एकमेकींना सांगतात, माझ्याकडे काय बदललं, तुझ्याकडे काय.

"म्हणजे सहा जावा," बाबा म्हणाले. "एकीकडचं दुसरीला दहा मिनिटांनी कळणार."

"जावांना दहा मिनिटं लागत नाहीत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

संस्थेच्या चिटणीस बाईंनी असं ठरवलं: दोन दिवस जुनी पद्धत मोजायची, दोन दिवस नवी. शुक्रवारी अहवाल. अहवाल एकच, सह्या दोन, बाबांची आणि माझी. "घरातल्या घरात भांडून घ्या. सभेत नको." कोणत्याही केंद्रावर शुक्रवारी पाचच्या आत आवक शिक्का पडला तर अहवाल शनिवारच्या सभेपुढे जाईल. नाही पडला तर आधीच ठरल्याप्रमाणे सर्व्हर बंद, आणि सर्व्हरवाले, म्हणजे बाबा, निवृत्तीच्या अडीच वर्षं आधी घरी.

मला वाटलं होतं, त्यांना एखाद्या काउंटरवर घेतील. चिटणीस बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "काउंटरवर? तुमच्या वडिलांना? लोकांशी बोलायला?"


स्वयंपाकघर. मंगळवार, सकाळी आठ.

आईनं नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"तुझ्या अहवालात काय लिहायचं ते लिही. मला त्यातलं काही कळत नाही. पण हा माणूस अकरा ते पाच घराबाहेर राहिला पाहिजे."

"आई!"

"काय आई? पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाचे पंधरा दिवस विसरलीस? सगळ्या डब्यांची नावं पुसली आणि आकडे टाकले. यादी यांच्या उशाशी. मला मीठ हवं असलं की यांना विचारायचं."

"आणि ते सांगायचे?"

"सांगायचे. डोळे मिटायचे, विचार करायचे, मग सांगायचे, 'सात नंबर.' तोवर भाजी करपलेली."

"चार सेकंद," मी म्हणाले.

"मोजले नाहीत. आणि एकदा झोपले होते तर उठवायची सोय नाही. त्या दिवशी सगळ्यांनी अळणी खाल्लं."

माझ्या कंपनीच्या जाहिरातपत्रकात जुन्या पद्धतीचे तोटे दोन पानं भरून दिले आहेत. आईनं ते एका डब्यात बसवले.


मसुदा पहिला, पुढे. मंगळवार.

कलम २. मंगळवारी केंद्र तीनची लाइन चाळीस मिनिटे तुटली. त्या काळात केंद्रात वस्तू होत्या, घेणारे होते, देणारे होते, परंतु काम बंद होते.

(समासात: लाइन तुटली ती खोदकामवाल्यांनी. सर्व्हर चालू होता.)

(त्याखाली, माझ्या पेनाने: बाबा, कुबड्या मागायला आलेल्या माणसाला ते सांगून काय उपयोग? तो एका पायावर उभा होता.)

(त्याखाली, शिसपेन्सिलीने: त्याला खुर्ची द्यायची.)

(त्याखाली, पेनाने: खुर्ची द्यायलाही सर्व्हरला विचारावं लागतं.)

(त्याखाली, दोनदा खोडून, शिसपेन्सिलीने: बसायची खुर्ची. लाकडी.)


केंद्र एक. बुधवार.

नवी पद्धत सुरू झाली. एक नंबरच्या काउंटरवरचे गृहस्थ गेली नऊ वर्षं तिथे आहेत. बटण दाबायचं आणि मग हात बांधून समोरच्या माणसाकडे आस्थेनं पाहायचं, ही त्यांची सवय. त्यांनी बटण दाबलं, हात बांधायला घेतले, तोवर पावती बाहेर.

"अरेच्चा," ते म्हणाले.

मी घड्याळ लावून मोजत होते. सेकंदाचा पन्नासावा भाग.

"छान आहे हो," ते म्हणाले, पण चेहरा पडलेला. "फक्त एक झालं. पूर्वी त्या चार सेकंदांत मी विचारपूस करायचो. पाय कसा मोडला, घरी कोण बघायला आहे. आता 'पाय' म्हणेपर्यंत माणूस दाराबाहेर."

"मग आता निवांत विचारा की. वेळ आहे."

"असं कसं? काम संपल्यावर थांबवून विचारलं तर तो भोचकपणा झाला."

हे मी अहवालात घेतलं नाही. कुठल्या रकान्यात टाकायचं ते समजेना.


केंद्र चार. बुधवार, संध्याकाळी.

चार नंबरच्या मावशींना सगळे मावशीच म्हणतात, त्यांच्यापेक्षा मोठे असलेलेही. माझा मोबाइल दुपारीच बंद पडला होता. उशीर झाला, केंद्र बंद झालं असणार, म्हणून मी शेवटचा रस्ता पळतच गेले. दारातून आत पाहिलं तर भिंतीवर चार पन्नास. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही चार पन्नास. केंद्रं पाचला बंद होतात, कारण पाच वाजले की काउंटरचा पडदा आपोआप कुलूपबंद होतो. जुन्या प्रोग्राममध्ये तसं होतं, आम्ही नव्यातही तसंच ठेवलं.

"अगं, धापा कशाला टाकतेस? वेळ आहे अजून," मावशी म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. "सर्व्हरवाल्यांची ना तू? नाक तेच आहे."

"मावशी, नवीन प्रोग्राम कसा वाटतो?"

"पळतो बाई. मला पळणारी माणसं आवडतात, मशीन कसंही चालेल."

मी दिवसभराच्या नोंदी उतरवून घेतल्या. एकच वस्तू दोन केंद्रांनी एकाच दहा मिनिटांत दिली असं चार वेळा झालं होतं. हे होणार हे आम्हाला माहीत होतं, त्यासाठी नियम होता: ज्याची वेळ आधीची, वस्तू त्याची. वॉकर नंबर चाळीस दोघांना लागला होता, दुसऱ्याला एकेचाळीस गेला. कुणाला कळलंही नाही. गंमत एवढीच की चारही वेळा केंद्र चारची वेळ आधीची निघाली.

कलम ४. केंद्र चारची तत्परता उल्लेखनीय आहे.

बाबांनी हे कलम वाचलं तेव्हा ते चहा पीत होते. चहा नाकातून आला. आईनं पाठीवर थापट्या मारल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"बाबा."

"काही नाही म्हटलं ना. चांगलं लिहिलंयस."

समासात फक्त एक शब्द: वा!


दहा मिनिटं, दोन प्रती. गुरुवार.

केंद्र दोनची प्रत. वेळ १०:३३. शिंपीकाका आले. त्यांच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दुपारी तिला घरी सोडणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, डोकं आणि गुडघे वेगवेगळे वर होणारा पलंग हवा, विजेवरचा. असा पलंग संस्थेत एकच आहे, नंबर एकतीस, केंद्र पाचच्या गोदामात. पडद्यावर हिरवं. चिठ्ठी फाडून हातात. शिंपीकाकांनी ती दोनदा वाचली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून पाहिला.

केंद्र चारची प्रत. वेळ १०:२७. गणिताचे सर आले. शाळेतून तासाभराची सुटी काढून. आईचं खुब्याचं हाड मोडलंय, शनिवारी घरी आणायचंय. पलंग नंबर एकतीस. पडद्यावर हिरवं. चिठ्ठी. सरांनी चिठ्ठीवरच्या अंकांची बेरीज केली, सवयीनं.

१०:४०. सहाही प्रतींनी एकमेकींशी बोलून घेतलं. दहा सत्तावीस हे दहा तेहेतीसच्या आधी येतं. पलंग सरांचा. केंद्र दोनच्या पडद्यावर शिंपीकाकांची नोंद हिरव्याची लाल झाली. दोन नंबरच्या बाई त्या वेळी एका वॉकरला रबरी टोपण बसवत जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला तेव्हा शिंपीकाका टेंपो ठरवायला निघून गेलेले.

प्रोग्राम नियमाप्रमाणे चालला. एकही चूक नाही.


केंद्र पाच, गोदाम. गुरुवार, दुपारी दोन.

गोदामवाल्यांचा फोन आला म्हणून मी गेले, आणि बाबा न बोलावता आले. पलंग मधोमध. त्याच्या एका बाजूला शिंपीकाका आणि त्यांचा टेंपोवाला, दुसऱ्या बाजूला गणिताचे सर. दोघांच्या हातांत चिठ्ठ्या. गोदामवाले पलंगावर बसलेले, म्हणजे कुणी एकदम उचलू नये.

"दोन्ही खऱ्या आहेत," गोदामवाले म्हणाले. "मी उजेडात धरून पाहिल्या."

"मशीन म्हणतंय सर आधी आले," मी म्हणाले. "सहा मिनिटांनी."

शिंपीकाका मोठ्यानं बोलणारे नव्हतेच. "तिला अर्ध्या तासात खाली आणतील," ते म्हणाले. "मला पलंग नाही असं दोन नंबरलाच सांगितलं असतं तर मी सकाळपासून दुसरीकडे शोधला असता. ताई, तुम्ही लवकर सांगा, उशिरा सांगा, चार सेकंद लावा नाहीतर चार मिनिटं लावा. पण एकदाच सांगा हो."

टेंपोवाल्यानं घड्याळ पाहिलं. सर आपल्या चिठ्ठीकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. बाबांनी नंतर सांगितलं की त्यांना तेव्हाच कळलं, आता सुटका नाही.

"एक शंका आहे," सर म्हणाले. "माझ्या चिठ्ठीवर दहा सत्तावीस लिहिलंय."

"हो."

"शाळेची घंटा साडेदहाला होते. घंटा झाली तेव्हा मी शाळेच्या फाटकात होतो, कारण मुख्याध्यापक तिथेच मला 'तासाभरात या' म्हणाले. तिथून चार नंबर आठ मिनिटं चालत."

"मग?"

"म्हणजे एक माणूस साडेदहाला निघाला, आठ मिनिटं चालला आणि दहा सत्तावीसला पोचला. त्याचा वेग काढा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी मुलांना अवघड गणितं घालतो, पण इतकं नाही."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पलंगाचं चाक तपासत होते. चाकाला काही झालेलं नव्हतं.

"बाबा."

"हं."

"चार नंबरचं घड्याळ किती मागे आहे?"

"बारा मिनिटं," बाबा चाकाला म्हणाले.

सरांनी चिठ्ठीच्या मागे हिशेब केला. दहा सत्तावीस अधिक बारा. "दहा एकोणचाळीस. हे आधी आले." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि गोदामवाल्यांना म्हणाले, "उठा आता. त्यांच्या बाई खाली येतील."

"आणि तुमच्या आईंना?" शिंपीकाकांनी विचारलं.

"माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे."

"एक नंबरला हँडलचा पलंग आहे," बाबा पटकन म्हणाले. पडदा न बघता. "नंबर अठ्ठावीस. डोक्याकडची बाजू वर होते. खुब्याला तेवढं पुरतं. हँडल मात्र हातानं फिरवावं लागेल."

"किती वेळा?"

"बावीस फेरे."

"रोज?"

"वर बावीस, खाली बावीस. फळ्यावर लिहायला दंड चांगला होईल."

सर हसले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.


रस्ता. त्याच दुपारी.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सहा वर्षं झाली असतील."

"सहा वर्षं! आणि सांगितलं नाहीत?"

"विचारलंस कुठे?"

मग सांगितलं. सहा वर्षांपूर्वी पाच वाजून तीन मिनिटांनी एक माणूस हॉस्पिटलमधून थेट चार नंबरवर आला. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, समोर, हाताच्या अंतरावर. पडद्याला कुलूप. नोंदीशिवाय वस्तू द्यायची नाही हा संस्थेचा नियम. तो माणूस एका पायावर उड्या मारत बस थांब्यापर्यंत गेला आणि मावशी दारात उभ्या राहून शेवटच्या उडीपर्यंत बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून चार नंबरवर पाच उशिरा वाजायला लागले. डिस्चार्जचे कागद व्हायला वेळ लागतो, लोक धावत येतात, त्यांना बारा मिनिटं.

"पण मग तुमच्या सर्व्हरमध्ये गोंधळ कसा झाला नाही?"

"कसा होईल? तो कुणाला वेळ विचारतच नाही. नोंद आली की स्वतःचं घड्याळ बघतो. सगळ्यांना एकच घड्याळ, मग काउंटरवाल्यानं भिंतीवर काहीही लावो. तुझ्या जावा मात्र प्रत्येकीच्या मनगटावर विश्वास ठेवतात."

हे बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

"बुधवारी चहा नाकातून आला, तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तू लगेच घड्याळ जुळवलं असतंस, आणि अहवालात सगळं छान लिहिलं असतंस."

"आणि शिंपीकाका?"

बाबा थांबले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला.

"ते चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, एखाद्या वॉकरवरच निभावेल."

चार सेकंदांहून बराच जास्त वेळ लागला त्यांना हे म्हणायला.


मसुदा सातवा. शुक्रवार, दुपार. सर्व्हरची खोली.

सर्व्हरच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. एक बाबांची, एक पंख्याची. पंखा खाली ठेवून मला त्याची खुर्ची मिळाली.

"घड्याळं जुळवणं अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणाले. "सहाही कॉम्प्युटर एका वेळेला बांधून टाकते."

"बांध. मग दहा तेहेतीसला शिंपी आला, दहा एकोणचाळीसला सर आले. दोघांना काय दिसलं?"

"हिरवं."

"दहा चाळीसला?"

"सरांचं लाल."

"म्हणजे रडणारा माणूस बदलला. रडणं तेवढंच."

पंखा जमिनीवरून माझ्या पावलांना वारा घालत होता.

"आता तुमचं सांगा," मी म्हणाले. "वॉकर शेकड्यांनी आहेत. कुणाला चाळीस मिळाला काय आणि एकेचाळीस मिळाला काय. त्यासाठी त्या एका पायावरच्या माणसाला तुमच्या सर्व्हरची वाट बघायला का लावायची? लाइन तुटली तर?"

"लाकडी खुर्ची."

"बाबा!"

"बरं, बरं. वॉकर घे तुझे. कुबड्याही घे."

"हवेच्या गाद्या?"

"किती आहेत?"

"साठ."

"घे."

असं एकेक. मी यादी वाचत गेले आणि बाबा जमीन वाटून दिल्यासारखे सोडत गेले. शेवटी अशा वस्तू उरल्या ज्या संस्थेत एकेकच आहेत. विजेवरचा पलंग. एका हातानं चालवायची खुर्ची. टबात उतरवायची पाळणाखुर्ची. मोजल्या, चौदा. या चौदांसाठी प्रत्येक काउंटरनं बाबांच्या सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत कुणाला हो म्हणायचं नाही. लाइन तुटली असेल तर नाही म्हणायचं, किंवा थांबा म्हणायचं. बाकी सगळं जिथल्या तिथे.

"बावीस वर्षं साडेतीन हजार सांभाळले," बाबा म्हणाले. "आता चौदा."

"करून तर बघू."

एक नंबरला फोन केला, पलंग एकतीस सर्व्हरला विचारून शोधायला सांगितला. पडद्यावर आकडा आला: शून्य पूर्णांक चार सेकंद.

बाबा खुर्चीतून उठले. सर्व्हरजवळ गेले. त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही तो इतकी वर्षं आजारपणाचं सोंग करून पडला होता.

"हा इतका पळतो?"

"तुम्ही त्याच्या डोक्यावर सगळे वॉकर ठेवले होते."

"इतका पळतो," बाबा परत म्हणाले, त्यालाच.

साडेतीनला सगळं ठरलं होतं. मग शब्दांवर आलो.

कलम ७. जुना सर्व्हर दुय्यम कामासाठी ठेवावा.

"दुय्यम?"

"बरं. 'मर्यादित कामासाठी'."

"मर्यादित मी आहे का तो?"

"'विशेष'?"

"विशेष म्हणजे ज्याला कुठे बसवायचं कळत नाही तो."

चार वाजून गेले. चिटणीस बाई दारातून डोकावल्या, म्हणाल्या, "अजून भांडताय? छान," आणि गेल्या. साडेचार. पावणेपाच. आईचा मेसेज आला: काय ठरलं? अकरा ते पाच? मी लिहिलं: शब्दावर अडलंय. तिनं लिहिलं: कुठल्याही शब्दाला हो म्हण.

चार अठ्ठावन्नला कलम सातचं रूप असं झालं: एकमेव वस्तूंच्या बाबतीत अंतिम शब्द सर्व्हरचा राहील.

बाबांनी ते तीनदा वाचलं. "अंतिम शब्द," ते म्हणाले. मग प्रिंटरनं गरम व्हायला लागतो तेवढा वेळ घेतला, आणि बाबांनी सही केली, शिसपेन्सिलीनं. ती खोडून पेनानं करायला लावली.

आवक खिडकीवर पोचलो तेव्हा खिडकी बंद होत होती.

"अहो, थांबा. फक्त शिक्का," मी म्हणाले.

खिडकीतल्या बाईंनी बोटानं वर दाखवलं. भिंतीवर पाच वाजून दोन मिनिटं. "पडदा लॉक झाला. आता मला नोंदच करता येत नाही."

"दोन मिनिटांनी काय होतंय? तुमचं घड्याळ पुढे असेल."

"पुढे?" बाईंनी बाबांकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण थोडीशी मजाही वाटत होती. "साहेब रोज सकाळी येऊन लावतात. सेकंद इकडचा तिकडे खपवून घ्यायचा नाही म्हणतात."

बाबा घड्याळाकडे बघत राहिले. त्यांनीच लावलेलं, पक्कं, निर्दय घड्याळ. मग त्यांनी माझ्या हातातला अहवाल घेतला, काखेत मारला, आणि जिना उतरायला लागले.

"कुठे?"

"कोणत्याही केंद्रावर, असं लिहिलंय ना चिटणीस बाईंनी?"

माझे वडील इतक्या वेगानं चालतात हे मला माहीत नव्हतं. त्यांच्याही डोक्यावरचे वॉकर कुणी काढले असावेत.


केंद्र चार. शुक्रवार.

भिंतीवर चार अठ्ठावन्न.

"या भाऊ," मावशी म्हणाल्या. "धापा कशाला टाकताय? वेळ आहे अजून. नाक तेच, पळणंही तेच."

बाबांनी अहवाल काउंटरवर ठेवला. मग मनगटावरचं घड्याळ काढून पँटच्या खिशात टाकलं आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले.

मावशींनी शिक्का मारायच्या आधी चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. त्या वाचतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं. चार एकोणसाठ.

"कलम चार. 'केंद्र चारची तत्परता,' असं काहीतरी होतं वाटतं. खोडलंय."

"ते आधीच्या मसुद्यातलं," मी म्हणाले. "चुकून छापलं गेलं."

"आणि हे सहा?" त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'नोंदींचा क्रम लावण्यासाठी प्रोग्रामने स्वतःची वेळ वेगळी धरावी. काउंटरवरील घड्याळ ही त्या त्या केंद्राची बाब राहील.' बाब म्हणजे?"

"म्हणजे जसं आहे तसं," बाबा म्हणाले.

मावशींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग शिक्का शाईत दाबला, दोन्ही प्रतींवर मारला, फुंकर घातली, आणि शिक्क्यातल्या रिकाम्या जागी पेनानं वेळ लिहिली. त्याच क्षणी पडद्याला कुलूप लागलं.

"एक मिनिट उशीर केला असता तर माझाही इलाज नव्हता," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

आईला मेसेज केला: अकरा ते पाच, पक्कं. तिनं लगेच लिहिलं: आत्ता सव्वापाच झाले, आहात कुठे?

बाहेर पडल्यावर बाबांनी आमची प्रत मागून घेतली. बाकावर बसून ती मांडीवर ठेवली आणि खिशातून पेन्सिल काढली. मी म्हटलं, आता तरी पुरे, शिक्का पडलाय. त्यांनी ऐकलं नाही. शेवटच्या पानावर, शिक्क्याच्या शेजारी, मावशींच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ४:५९.

(समासात, शिसपेन्सिलीने: बरोबर.)